वाचकांचे प्रश्न : पाणबुडीतली हवा

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्या दिवसभर पाण्याखाली राहायच्या. आत पन्नासेक माणसं असताना प्राणवायू संपत कसा नसे?

उत्तर : प्राणवायू संपायच्या बराच आधी कार्बन डायऑक्साइड जिवावर उठतो. निवांत पडलेला माणूस तासाला सुमारे 20 लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. पन्नास जणांचा मिळून एक घनमीटर झाला. कोंडलेल्या हवेत त्याचं प्रमाण 3 टक्क्यांवर गेलं की डोकं ठणकतं, धाप लागते. प्राणवायू तेव्हा 21 वरून जेमतेम साडेसतरा टक्क्यांवर आलेला असतो, आणि तेवढ्यावर माणूस तग धरतो.

त्यामुळे कामाची पाळी नसलेल्यांना बंकवर पडून राहायचा हुकूम असे. हालचाल वाढली की श्वासही वाढतो. मुक्काम लांबला तर प्रत्येकाने छातीवर पत्र्याचा डबा अडकवायचा, नाकाला चिमटा लावायचा आणि डब्याची नळी तोंडात धरायची. डब्यातलं अल्कली रसायन उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेई आणि त्यात डबा चांगलाच तापे. झोपेत नळी तोंडातून निसटण्याचा धोका मोठा, म्हणून झोपलेल्यांवर लक्ष ठेवावं लागे. प्राणवायू सिलिंडरमधून थोडा थोडा सोडत.

पण पाणबुडीला वर यायला भाग पाडणारी मुख्य गोष्ट बॅटरी. सर्वाधिक बांधल्या गेलेल्या ‘सात-सी’ प्रकारात शिसे-आम्लाचे 124 घट असत. 4 नॉट वेगाने त्यावर सुमारे 80 सागरी मैल, म्हणजे वीस तास जाता येई. पूर्ण वेग दिला की हाच साठा फार लवकर आटे. मग रात्री वर येऊन डिझेल इंजिनं चालवायची. बॅटरी भरताना आतली हवाही बदलून निघे.

1944 पासून स्नॉर्केल, म्हणजे पाण्याबाहेर डोकावून हवा ओढणारी उंच नळी, सर्रास बसवले गेले आणि पाण्याखाली राहूनच डिझेल चालवणं जमू लागलं. मात्र नळीच्या तोंडावरून लाट गेली की झडप बंद होई, इंजिन बोटीतलीच हवा ओढू लागे आणि दाब झटकन उतरून कानांत असह्य कळ येई.

प्रश्न : शौचकूपामुळे पाणबुडी बुडाल्याचं वाचलं. खरं का?

उत्तर : हो. जर्मन पाणबुडी यू-1206, 14 एप्रिल 1945, स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ. 60 मीटर खोलीवर बाहेरच्या पाण्याचा दाब आतल्यापेक्षा सहा वातावरणांनी, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या सहापटीने, जास्त असतो. तिथे मैला बाहेर ढकलायचा तर झडपा ठरलेल्या क्रमानेच उघडाव्या लागतात: समुद्राकडची बंद असल्याखेरीज आतली उघडायची नाही. नेमकी चूक कोणाची, यावर वेगवेगळी कथनं आहेत. पाणी आत घुसलं आणि खालच्या बॅटरीपर्यंत पोचलं, एवढं नक्की. खाऱ्या पाण्याने चार्ज असलेल्या बॅटरीतून क्लोरीन निघतो. तो फुप्फुसं जाळतो. बोट वर आणावीच लागली, तिथे विमानांनी गाठलं आणि शेवटी खलाशांनीच ती बुडवली. चौघे दगावले.