थालेर, थेलर की टालर?

प्रश्न असा होता की जर्मन शहरांच्या जुन्या चांदीच्या नाण्यांना मराठीत थेलर म्हणायचं की टालर, आणि डॉलर त्यातूनच आला हे खरं का. माझं मत, टालर लिहा. जर्मनमध्ये टी आणि टीएच चा उच्चार एकच, टी नंतरचा एच नुसता लिहिण्यापुरता होता आणि १९०१ च्या स्पेलिंग सुधारणेत तोही काढून टाकला. इंग्रजी कॅटलॉगमध्ये तो एच अजून आहे, म्हणून आपल्याकडे थेलर वाचतात.

डॉलरचं म्हणाल तर हो, अगदी खरं. बोहेमियात, म्हणजे आताच्या चेक प्रजासत्ताकात, योआखिमस्टाल नावाचं खाणींचं गाव आहे (आता याखिमोव्ह), टाल म्हणजे दरी. तिथे १५२० च्या सुमारास श्लिक सरदारांनी मोठी चांदीची नाणी पाडली, ती योआखिमस्टालर, लोकांनी तोंडात बसेल असं टालर केलं, डच लोकांकडे त्याचं डाल्डर झालं, उत्तर जर्मनीत नि स्कँडिनेव्हियात डालर, आणि इंग्रजीत डॉलर.

पण शहरांची नाणी जमवणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, नाण्यावर टालर हा शब्द बहुतेक वेळा शोधून सापडत नाही!! तिथे लॅटिनमध्ये मोनेटा नोव्हा आर्जेंटिआ, म्हणजे चांदीचं नवं नाणं, तेही मोन नो आर्ग असं तोडून, आणि पुढे शहराचं नाव. दुसऱ्या बाजूला पवित्र रोमन साम्राज्याच्या (तेव्हाची जर्मन राज्यं आणि शहरं ज्यात होती त्या) बादशहाचं नाव आणि दुतोंडी गरुड, कारण न्युरेम्बर्ग, हाम्बुर्ग, ल्युबेक ही साम्राज्याची मुक्त शहरं, वर राजा-सरदार कोणी नाही, थेट बादशहाच्या अखत्यारीत. म्हणजे टालर हे नाव बाजारातलं आणि हिशोबातलं, टाकसाळीचं नाही. त्यामुळे नाणं ओळखायचं ते शहराच्या नावावरून आणि चिन्हावरून, आणि खरी मजा तिथेच आहे. त्यातही नावं लॅटिन आणि यू च्या जागी व्ही कोरलेला, म्हणून नवीन माणूस गडबडतो. रातिस्बोना म्हणजे रेगेन्सबुर्ग, तिथे एकमेकांवर आडव्या दोन किल्ल्या बघा. हाम्बुर्गवर तीन बुरुजांचा किल्ला. आणि ऑगुस्टा विंडेलिकोरुम वाचून कुठली राणी वाटेल, पण ते ऑग्सबुर्ग, रोमन काळातलं नाव, चिन्ह पाइनचं फळ. ते फळ दिसलं की झिजलेली अक्षरं लागली नाहीत तरी चालतं.