राष्ट्रध्वज दिन २२ जुलैला असतो की ७ डिसेंबरला?

तिरंग्याशी थेट निगडित दिवस २२ जुलै हा आहे, कारण १९४७ साली याच दिवशी संविधान सभेने पंडित नेहरूंनी मांडलेला ठराव स्वीकारून ध्वजाचे आजचे स्वरूप निश्चित केले. ७ डिसेंबर हा १९४९ पासून पाळला जाणारा सशस्त्र सेना ध्वज दिन असून, त्या दिवशी सैनिकांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या कल्याणासाठी निधी गोळा केला जातो.

१९३१ साली काँग्रेसने स्वीकारलेल्या तिरंग्यावर चरखा होता. त्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आले, तेव्हा चरखा नाकारला गेला असा समज आजही आढळतो आणि तो दूर व्हायलाच हवा. कारण हे चक्र चरख्याचेच प्रतीक असल्याचे खुद्द ठरावात नमूद आहे आणि चरख्याची आकृती ध्वजाच्या दोन्ही बाजूंनी सारखी दिसत नाही, ही व्यावहारिक अडचण नेहरूंनी सभेत स्पष्ट केली होती. रंगांना धर्मांशी जोडणेही योग्य नाही. डॉ. राधाकृष्णन यांनी त्याच सभेत भगव्याचा अर्थ त्याग, पांढऱ्याचा प्रकाश व सत्य, हिरव्याचा मातीशी असलेले नाते आणि चक्राचा धर्म व गती असा विशद केला होता.