पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं जुनं व्हर्जन नीट चालत असेल तर अपग्रेड करायलाच हवं का?

तुम्ही लिहिलंय की कंपनीत पायथन ३.८ आहे आणि मॅनेजर म्हणतात "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा". अगदी हेच वाक्य मी २०१७ मध्ये ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

तेव्हा मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो, दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर आमच्याकडे, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर दहा दिवसांचं बिल, पशुखाद्याच्या उचलीची कपात, सगळं पायथन २.७ वर. २.७ चा सपोर्ट, म्हणजे पायथनवाल्यांकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, खरंतर २०१५ लाच संपायचा होता, २०१४ मध्ये तो २०२० पर्यंत वाढवला. मी सरांना म्हटलं, आत्तापासून थोडं थोडं पायथन ३ वर नेऊ, दोन-अडीच वर्षं हातात आहेत. सर म्हणाले, एकदा वाढवला ना, परत वाढवतील. नाही वाढवला. १ जानेवारी २०२० ला सपोर्ट संपला, एप्रिलमध्ये शेवटचं २.७.१८ आलं आणि विषय बंद. त्या दिवशी आमचं काहीच अडलं नाही, तर सर म्हणाले, बघ, सांगत होतो ना.

जानेवारी २०२१ च्या शेवटी सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप होता. नवीन मशीनवर २.७ टाकलं आणि पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस उतरवून बसवणारं टूल, टाकायला गेलो तर सिंटॅक्स एरर! पिप २१ नुकतंच आलेलं, त्यात २.७ चा सपोर्टच काढलेला, ते बसवायच्या स्क्रिप्टमध्ये एफ-स्ट्रिंग, म्हणजे पायथन ३ मधली मजकूर लिहायची नवी पद्धत, ती २.७ ला वाचताच येत नाही. रात्रभर बसून जुनं पिप शोधून गाडी चालू केली, आणि सकाळी सर म्हणतात आता पंधरा दिवसांत ३ वर ने.

२ चा कोड ३ चा करताना प्रिंटला कंस लावणं वगैरे कोड बदलून देणारं टूल लावून होतं हो. घोळ भागाकाराने केला. २ मध्ये १००० भागिले ३ म्हणजे ३३३, ३ मध्ये ३३३.३३३३३३३३३३३३३, आणि टूल ते बदलत नाही. उचलीचे हप्ते असे छापून गेले. एका केंद्राच्या सचिवांचा फोन, "अहो हे पॉइंट तीन तीन तीन काय आहे, लोक विचारतायत जास्त कापता का म्हणून." नावांचंही तेच. २ मध्ये साध्या स्ट्रिंगमध्ये "मराठी" ची लांबी १५ यायची, कारण देवनागरीच्या एकेका चिन्हाचे तीन बाइट, ३ मध्ये ती ५ येते. आम्ही नाव ३६ वर कापायचो म्हणजे बारा चिन्हं, ३ वर गेल्यावर तीच ओळ छत्तीस चिन्हं सोडायला लागली आणि लांब नावं लिटरच्या रकान्यात घुसली. दहा दिवस राबून दूध घालणाऱ्या माणसाच्या हातात असं बिल गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. दोन वर्षं मिळाली असती तर एकेक केंद्र तपासून नेलं असतं.

तर तुमचं. ३.९ पासून दर ऑक्टोबरला नवीन व्हर्जन येतं, प्रत्येकाला साधारण पाच वर्षं सपोर्ट, शेवटची तीनेक वर्षं फक्त सिक्युरिटीची दुरुस्ती. ३.८ ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलं, ३.९ सुद्धा ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणजे दरवर्षी उडी मारायची अजिबात गरज नाही, दोन वर्षांतून एकदा पुरे, आणि नवं आलं की लगेच नको, लायब्रऱ्यांना, म्हणजे तुम्ही वापरता त्या इतरांच्या तयार कोडला, जुळवून घ्यायला तीन-चार महिने द्या. पण ३.८ वर बसून राहणं चूक आहे, हे मॅनेजरना स्पष्ट सांगा, आणि मेलवर सांगा, मी तोंडी सांगत राहिलो आणि नंतर "तू बोललाच नाहीस" ऐकावं लागलं. आधी डेप्रिकेशन वॉर्निंग (पुढे काढल्या जाणाऱ्या गोष्टींची सूचना) चालू करून टेस्ट चालवा, ३.१२ मध्ये पॅकेज बसवायला लागणारं डिस्टयूटिल्स गेलंय, जुन्या सेटअप फाइल्स तिथेच अडकतात, आणि ३.१३ मध्ये सीजीआय वगैरे जुनी मॉड्यूल्स गेलीत.

हां, रेड हॅटसारख्या लिनक्स सिस्टीमसोबत आलेलं पायथन असेल तर त्याला ते लोक स्वतःचा वेगळा सपोर्ट देतात, ती तारीख आधी बघा. आणि नेटला न जोडलेलं एखादं मशीन असेल तर इतकी घाई नाही, फक्त सगळ्या पॅकेजेसच्या फाइल्स आजच उतरवून ठेवा.