घरी दिवसभर बडबड, शाळेत एक सबद नाही

"मॅडम, घरी याचं तोंड बंद होत नाही, अन् शाळेत एक सबद काढत नाही. याच्या डोक्यात काही फॉल्ट तर नसेल ना?" मुलांच्या अशा अडचणींवर मी काम करते, म्हणून हा प्रश्न मला खानदेशातल्या अमळनेर, पारोळा, चोपडा, शिरपूर अशा सगळ्या बाजूच्या आयांनी विचारलाय, आणि त्याच्या पाठोपाठ जवळजवळ नेहमीच दुसरा प्रश्न येतो की शाळा बदलू का, तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला टाकू का. म्हणून आज एका पोराची गोष्ट सविस्तर लिहितेय. त्याच्या आईला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

बोरी नदीच्या काठचं गाव, जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, दोन खोल्या, दोन सर, पट तिशीच्या आसपास. कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात, त्यामुळे पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत, हे आपल्याकडे सगळीकडे असंच. पोरगा दुसरीत होता. अंगणवाडीतही बोलला नव्हता, पहिलीचं अख्खं वर्ष बोलला नाही, हजेरीला नुसता हात वर करायचा. वडिलांचं म्हणणं की लहान शाळेत पोरगं बावळट राहिलं, व्हॅन लावू आणि तालुक्याला पाठवू. आजीचं म्हणणं की नजर लागली, पोपटाने उष्टावलेला पेरूही खाऊ घालून झाला होता. आई नुसती रडत होती, कारण घरात सगळे तिलाच म्हणत होते की तूच मुखदुर्बळ म्हणून पोरगंही तसं निघालं.

मी आधी आईला म्हटलं, ताई, मोबाईलमध्ये त्याला न कळता घरचं बोलणं रेकॉर्ड करून आणा. तिने आणलं. पोरगा चुलत भावाला पोळ्याच्या बैलाची गोष्ट सांगत होता, अस्सल अहिराणीत, मध्ये मध्ये मराठी, बैलाने कशी शिंगं उगारली याची अॅक्टिंग करून. म्हणजे वाचा चांगली, डोकं चांगलं. कान तरी ग्रामीण रुग्णालयात तपासून घेतले, ते नेहमी करावं, कारण कानात मळ साचलेला असतो किंवा कान वाहत असतो आणि आपण पोराला हट्टी म्हणत बसतो.

मग मोठा प्रश्न होता भाषेचा. आपल्याकडची बरीच पोरं घरून अहिराणी घेऊन येतात आणि शाळेत एकदम पुस्तकी मराठी कानावर पडते, तर काही महिने ती गप्प राहतात, नुसती ऐकतात. हा आजार नाही, ते शिकत असतात. पण या पोराच्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं अहिराणीच बोलणारी, सरही त्याच भागातले. तरी तो त्यांच्याशी अहिराणीतही बोलत नव्हता. इथे मला वाटलं की हे भाषेचं कमी आणि भीतीचं जास्त आहे. याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात, 2013 पासून डॉक्टर लोक याला चिंतेच्या आजारांमध्ये धरतात. काही ठराविक ठिकाणी, ठराविक माणसांपुढे पोराचा आवाज निघतच नाही, गळा आवळल्यासारखं होतं, आणि हे पोर मुद्दाम करत नसतं. शाळेचा पहिला महिना सोडून पुढे महिनाभर असंच चाललं तर लक्ष द्यायचं, नुसतं "होईल मोठा झाल्यावर" म्हणून सोडायचं नाही.

शाळेत मी खिचडीच्या सुट्टीत जाऊन बसले. वर्गात पोर दिसतं तसं दिसतं, पण सुट्टीत ते खरं कळतं. हा हापशाच्या मागे चुलत भावाच्या कानात काहीतरी कुजबुजत होता, हसत होता, आणि कोणी मोठं माणूस दिसलं की तोंड बंद, खांदे ताठ, नजर जमिनीवर. आणि अजून एक गोष्ट दिसली, जी घरात कोणालाच माहीत नव्हती. तो दिवसभर लघवीला जात नव्हता. जायचं तर सरांना विचारावं लागतं, आणि विचारायला आवाज निघत नाही. सकाळी उठून "मन्हं पोट दुखस" म्हणायचा ते घरच्यांना नाटक वाटायचं, आजी दोन धपाटे घालून पाठवायची. पोट खरंच दुखत असणार हो, सहा-सात तास दाबून बसलेलं सहा-सात वर्षांचं पोर. तुमचं मूल शाळेत बोलत नसेल तर ही एक गोष्ट आजच विचारा, बाकी सगळं नंतर.

त्याच दिवशी सरांशी ठरवलं की टेबलावर एक लाल झाकण ठेवायचं, ज्याला जायचंय त्याने ते उलटं करायचं आणि जायचं, विचारायचं नाही. सगळ्या वर्गासाठीच केलं, म्हणजे हा एकटा वेगळा दिसला नाही. पोटदुखी पंधरवड्यात बरीच कमी झाली.

सर वाईट नव्हते, उलट फार जीव लावणारे. पण "नाव सांग, चॉकलेट देतो" हे त्यांनी करून पाहिलं होतं, उभं करून वाट पाहणं करून पाहिलं होतं, आणि वर्गातली पोरं कोणी नवीन आलं की आधीच ओरडायची, "सर, तो बोलत नाही!" लहान शाळेचा हा तोटा मी मान्य करते. सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून एकदा शिक्का बसला की तो गावभर बसतो, या पोराला तर मुकाच म्हणायला लागले होते. आम्ही ठरवलं की त्याला बोल म्हणायचं नाही, बोलला तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, आणि कोणी "तो बोलत नाही" म्हटलं की सरांनी शांतपणे म्हणायचं, बोलतो की, त्याला वाटेल तेव्हा इथेही बोलेल. वाचन तपासायचं तर आईने घरून मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवायचं. सरांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना कळलं की हा तर वर्गातल्या चांगल्या वाचणाऱ्यांपैकी आहे.

आता शाळा बदलायचं. वडिलांना मी स्पष्ट सांगितलं की आत्ता नको. जिथे याला माहीत असलेली माणसं आहेत तिथे आवाज निघत नाही, तर पन्नास अनोळखी पोरांच्या वर्गात, समजत नसलेल्या भाषेत, सकाळी व्हॅनमध्ये कोंबून कसा निघेल? उलट मोठ्या वर्गात गप्प पोर सोयीचं असतं, त्रास देत नाही म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातच येत नाही. इंग्लिश मीडियमला माझा विरोध नाही, पण भीतीवर उपाय म्हणून शाळा बदलणं हे मला पटत नाही. वडील नाराज होऊन गेले, पण व्हॅनचं त्यांनी दिवाळीपर्यंत थांबवलं.

खरं काम पुढे होतं आणि ते पोरापेक्षा आईपासून सुरू झालं. ती शाळेच्या गेटपर्यंत यायची आणि तिथूनच परत जायची. का, तर "मी चौथी शिकेल (चौथीच शिकलेली), मी सरांशी काय बोलू?" पालक सभा सकाळी अकराला, तेव्हा बाया कापूस वेचायला गेलेल्या, आणि ज्या यायच्या त्या पदर पुढे ओढून मागे बसायच्या. म्हणजे पोराच्या डोळ्यापुढे चित्र असं की आपल्या घरातलं कोणीच या जागी बोलत नाही. मी आईला दोष देत नाहीये, हे परत सांगते, असं पोर आईमुळे होत नाही, काही मुलं जन्मतः जास्त बुजरी असतात. पण घर आणि शाळा यांच्यामध्ये जी भिंत असते ना, ती अशा पोराला सगळ्यात जास्त नडते.

म्हणून रोज शाळा सुटल्यावर वीसेक मिनिटं रिकाम्या वर्गात आई आणि तो, बस. दार लावून चिंचोके खेळायचे, मोजायचे, फळ्यावर चित्रं काढायची. पहिले काही दिवस तो तिथे आईशीही कुजबुजून बोलला, मग आवाज मोकळा झाला. मग दार उघडं ठेवलं. मग चुलत भाऊ आत आला. मग सर व्हरांड्यात रजिस्टर लिहीत बसले, याच्याकडे न बघता. मग सर वर्गाच्या कोपऱ्यात. एक पायरी पक्की झाली की दुसरी, आणि पोर आखडलं की एक पायरी मागे यायचं. मध्ये एकदा भेटीला आलेल्या एका साहेबांनी कौतुकाने पाठीवर हात ठेवून नाव विचारलं, तर पुढचे बरेच दिवस सगळं ठप्प, परत व्हरांड्यापासून सुरुवात. चालतं, असं होतंच.

कापूस वेचणीत आईला जमेना, तेव्हा आजी यायला लागली. तीच, धपाटे घालणारी. नवसाला मी कधी नाही म्हणत नाही, नवस करा, पण सोबत हेही करा एवढंच सांगते, आणि आजीने ते मनावर घेतलं. सरांनी तिला शनिवारी सगळ्या पोरांना अहिराणीत गोष्टी सांगायला, कानबाईची आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याची गाणी म्हणायला बसवलं. नातू तिच्या मांडीला टेकून बसायचा, बोलायचा नाही, पण त्या दिवशी वर्गाच्या मध्यभागी बसलेला असायचा, एरवी तो भिंत धरून बसायचा.

शाळेत घरच्या सोडून दुसऱ्या मोठ्या माणसाशी तो पहिला शब्द बोलला तो सरांशी नाही, माझ्याशी तर नाहीच. खिचडी करणाऱ्या मावशींशी बोलला, "आखो", म्हणजे अजून वाढ. मावशी त्याच्याच गल्लीतल्या, त्यांना आम्ही सांगून ठेवलं होतं, त्यांनी काहीच झालं नाही अशा थाटात एक पळी वाढली आणि पुढे गेल्या. नंतर मला फोन करून सांगताना मात्र त्यांचा आवाज भरून आला होता. सरांशी तो बोलला अजून महिना-दीड महिन्याने, चिंचोके मोजताना, "पंधरा".

गावात लोकसहभाग म्हटलं की लोक वर्गणीच धरतात, रंगरंगोटी, पंखे, टीव्ही, आणि ते लागतंच, शाळांना पैसा पुरत नाही. पण या पोरासाठी गावाने जे दिलं ते मावशींची पळीभर खिचडी आणि आजीचा शनिवार. सरांनी पालक सभा मारुतीच्या ओट्यावर संध्याकाळी घ्यायला सुरुवात केली, एवढ्या एका बदलाने बाया यायला लागल्या. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला पाहिजेत हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, पण बऱ्याच ठिकाणी बायांच्या सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. तुमचं नाव समितीत असेल तर जा, बसा, बोललं नाही तरी चालेल, पोर तुम्हाला तिथे बसलेलं बघतं. ही आई पुढच्या वर्षी समितीत आली आणि पहिल्या सभेत तिने पोरींच्या संडासाला कडी नाही एवढंच सांगितलं. कडी बसली.

ज्यांना हीच काळजी आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. मूल घरीही बोलत नसेल, आधी बोलायचं आणि आता बोलणं गेलं असेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर माझ्यासारखीकडे नंतर या, आधी डॉक्टर. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि सरांना सांगून ठेवा की डॉक्टरांना हे नक्की सांगा. ही तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात. सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभागात विचारा. जवळपास कोणीच नसेल तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा फ्री नंबर आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो. काही मुलांना हे सगळं करूनही डॉक्टरांचे उपचार लागतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पोरगा आता चौथीत आहे. वर्गात बोलतो, हळू आवाजात, परिपाठात दिनविशेष वाचतो पण एकटा नाही, चुलत भावासोबत. पाहुणे आले की अजूनही गप्प होतो, आणि आम्ही ते राहू दिलंय. पाचवीला त्याला एसटीने शेजारच्या गावी जावं लागणार, वडील आता परत काळजीत आहेत, यावेळी मात्र ते स्वतः मला विचारायला आले. आम्ही ठरवलंय की एप्रिलमध्येच, तिथले वर्ग सुटल्यावर, आई त्याला घेऊन त्या शाळेत जाईल, चिंचोके सोबत घेऊन, आणि तिथल्या मॅडमना आधी व्हरांड्यात बसायला सांगितलंय.