आधी आडतीवर बस, मग आकृतीच्या चौकटी काढ

प्रश्न: मी लातूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे मामा मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहेत. आम्ही चौघं मित्र आडतीच्या पावत्या आणि हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर प्रोजेक्ट म्हणून करतोय. सीनिअर म्हणतात, मायक्रोसर्व्हिसेस (एकाच सॉफ्टवेअरचे वेगवेगळे चालणारे छोटे प्रोग्राम), काफ्का (त्यांच्यात निरोप पोचवणारी यंत्रणा), कुबेरनेटिस (ते अनेक सर्व्हरवर सांभाळणारी यंत्रणा) घातल्याशिवाय इंटरव्ह्यूत कुणी दखल घेत नाही. मला सॉफ्टवेअर आर्किटेक्ट व्हायचंय. हे शिकवणाऱ्या एका क्लासची फी ४५ हजार आहे. बाबा म्हणतात, सोयाबीन विकून भरू. भरावी का सर?

उत्तर: फी भरू नकोस. ४५ हजार म्हणजे २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने जवळपास सव्वानऊ क्विंटल सोयाबीन, आणि त्या हंगामात यार्डात हमीभाव तरी कुठे मिळत होता? बाबांना आजच सांग, माल या कामासाठी काढू नका. आर्किटेक्ट हे पद नव्या मुलाला कुणी देत नाही. पण त्या कामाची सवय आत्तापासून लावता येते, आणि तुझ्याकडे त्यासाठी क्लासपेक्षा चांगली जागा आहे. मामांची आडत.

सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर म्हणजे नंतर बदलायला जड जाणारे निर्णय. बटणाचा रंग संध्याकाळी बदलता येतो. पण पावतीला नंबर कुठे मिळतो, लाईट गेली तर वजनाची नोंद कुठे राहते, एका शेतकऱ्याचा माल दोन खरेदीदारांनी घेतला तर हिशोब कसा फुटतो, हे एकदा चुकलं की दोन हंगामांचा डेटा उसवावा लागतो.

सीनिअर सांगतात ते आकड्यांवर घासून बघू. सढळ हाताने धरू की यार्डातल्या ५०० आडती तुमचं सॉफ्टवेअर वापरतात आणि सीझनमध्ये प्रत्येकी दिवसाला १०० पावत्या फाडतात. झाल्या ५० हजार नोंदी. आठ तासांचे सेकंद २८,८००. म्हणजे सेकंदाला दोन नोंदीसुद्धा नाहीत. सौदा झाल्यावर एकदम गर्दी होते म्हणून वीसपट धर, तरी एक साधा सर्व्हर आणि एक पोस्टग्रेस डेटाबेस हे काम आरामात उचलतो. मग चौघांनी दहा सर्व्हिसेस सांभाळायच्या कशासाठी? एकच ॲप्लिकेशन करा, पण आत कप्पे पक्के ठेवा: आवक, वजन, सौदा, पट्टी, येणं-देणं. एका कप्प्याने डेटाबेसमधल्या दुसऱ्याच्या टेबलमध्ये थेट हात घालायचा नाही, मागायचं ते ठरलेल्या फंक्शनमधूनच. पुढे खरंच गरज पडली तर एखादा कप्पा उचलून वेगळा करता येईल.

खरी अडचण तुम्हाला नेट आणि लाईट देणार आहेत. माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही खताच्या दुकानांसाठी बिलिंग केलं होतं. नेट रेंगाळलं की दुकानदार बटण पुन्हा दाबायचा आणि एका गिऱ्हाइकाची दोन बिलं व्हायची. पोती गोदामात, कागदावर मात्र विकलेली. ऐन पेरणीत मी आठवडाभर त्या दुकानात बसून हाताने मेळ घातला. दुकानदाराचा चेहरा मला अजून आठवतो. उपाय अगदी साधा निघाला: बिलाला वेगळी ओळख दुकानातल्या मशीनवरच द्यायची, आणि तीच ओळख दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरने नवी नोंद करायची नाही. तुम्ही हे पहिल्या दिवसापासून करा. आडतीवरच्या कॉम्प्युटरवर एसक्यूलाइटमध्ये (त्याच मशीनवर राहणारा छोटा डेटाबेस) नोंद होऊ द्या, पावती छापू द्या, नेट आलं की सर्व्हरला पाठवा. शेतकरी टेम्पो लावून उभा असतो, तो तुमच्या क्लाउडची वाट बघणार नाही. आणि रक्कम रुपयांऐवजी पैशांमध्ये, पूर्णांक म्हणून साठवा. दशांशाची फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारी संख्या) वापरली की पट्टीत कधी ना कधी पैशांचा फरक येतो, आणि मुनीम तो पकडतोच.

आता कप्पे पाडायचे कुठे? १९७२ साली संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी मांडलं की प्रोग्रामचे भाग कामाच्या पायऱ्यांप्रमाणे पाडू नका. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एका भागाच्या आत झाकून ठेवा. हे लातूरला आपोआप पटावं असं आहे. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्के केली. तो १२ कोडमध्ये पाच ठिकाणी लिहिलेला असता, तर चार ठिकाणी बदलला असता आणि पाचवा राहिला असता. आडतीची दलाली, हमाली, तोलाई, ओलाव्याची कपात या सगळ्यांचे नियम एका जागी ठेवा, आणि प्रत्येक नियमाला ‘कधीपासून लागू’ अशी तारीख द्या. म्हणजे मागच्या वर्षीची पट्टी पुन्हा काढली तरी ती मागच्या वर्षीच्या नियमानेच निघेल.

चौघांत एक निर्णयांची वही ठेवा. प्रत्येक मोठ्या निर्णयाला एक पान: काय ठरलं, का ठरलं, कोणता पर्याय सोडला, त्यात काय गमावलं. २०११ मध्ये सॉफ्टवेअर क्षेत्रातले लेखक मायकल नायगार्ड यांनी ही पद्धत लिहून मांडली आणि आज अनेक टीम ती पाळतात. इंटरव्ह्यूत कुणी विचारलं, ‘मायक्रोसर्व्हिसेस का नाही घेतल्या?’ तर वरचं गणित आणि त्या वहीचं पान समोर ठेव. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाजूला मी अनेक वर्षं बसलोय. काफ्काचं नाव घेणारी मुलं रोज भेटतात. ‘हे आम्ही मुद्दाम टाळलं’ असं कारणासह सांगणारा मुलगा महिन्यातून एखादा.

नोकरी निवडताना मोठ्या नावापेक्षा एवढं बघ की लोक रोज वापरतात असं चालू सॉफ्टवेअर तुझ्या हाताखाली येतंय का. सपोर्टचं काम मिळालं तरी घे. बिघाडाचे फोन घेणाऱ्याला आपले आणि दुसऱ्यांचे निर्णय कुठे फसले ते समजतं.

दिवाळीच्या आसपास सोयाबीनची आवक जोरात असेल. तेव्हा चार दिवस लॅपटॉप न उघडता मामांच्या शेजारी बस. मापाडी वजन कुठे लिहितो, ते खोडतो केव्हा, खाडाखोडीवर सही कोण करतं, हे उतरवून घे. मग वहीचं पहिलं पान लिही आणि मला पाठव. ते खोडलेल्या वजनाबद्दलच असू दे. दुरुस्त केलेली नोंद जुनी पुसून ठेवायची की जुनी तशीच ठेवून खाली नवी लिहायची, हे तुम्ही काय ठरवलं आणि का, ते मला वाचायचंय.