भिंत रंगवण्याआधी

प्रश्न : आसपासच्या शाळांतली दोनशे मुलं बोलावून आम्ही मोठं भित्तिचित्र रंगवून घेतलं. हा लोकसहभागच ना?

रंग भरायला हात मिळाले, एवढंच म्हणता येईल. चित्र कशाचं, भिंत कोणती, हे कोणी ठरवलं? लोकसहभागाच्या अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांना त्या सहभाग मानतच नाहीत, मधल्या तीन नुसत्या देखाव्याच्या. खरी भागीदारी सहाव्या पायरीवर सुरू होते. तिथवर जायचं तर रंगाचा डबा उघडण्याआधी एक तरी निर्णय लोकांवर सोडा : विषय, जागा, नाहीतर खर्चाची वाटणी. जे आधीच ठरलंय ते पहिल्या बैठकीतच सांगून टाका. ठरलेल्या गोष्टीवर मतं मागवली की लोकांच्या ते बरोबर लक्षात येतं आणि पुढच्या वेळी कोणी फिरकत नाही.

प्रश्न : बैठकीला सगळे येतात, बोलतात मात्र तेच चौघे.

मग माइक बाजूला ठेवा. नाटककार ऑगुस्तो बोआल १९९३ ते ९६ रिओ दि जानेरोच्या नगरसभेत होते. त्यांचे नट वस्तीतलाच एखादा प्रसंग करून दाखवत. अन्याय होतोय असं दिसलं की प्रेक्षकातलं कोणीही 'थांबा' म्हणायचं, नटाच्या जागी उभं राहायचं आणि आपण काय केलं असतं ते करून दाखवायचं. यातून आलेल्या सूचनांचे पुढे तेरा कायदे झाले. नाटक झेपणार नसेल तर पुठ्ठ्याचं मॉडेल टेबलावर मांडा. त्यातला बाक उचलून झाडाखाली ठेवायला भाषण करावं लागत नाही.

प्रश्न : लोकांना विचारत बसलं की कलेचा दर्जा घसरतो, असं आमचा शिल्पकार मित्र म्हणतो.

त्याला जर्मनीतल्या कासेल शहराची गोष्ट सांगा. १९८२ मध्ये कलावंत योसेफ बॉइस यांनी तिथल्या संग्रहालयासमोर बेसाल्टच्या सात हजार दगडांचा ढीग रचला. शहरात एक झाड लागलं की त्याच्या शेजारी ढिगातला एक दगड उभा राहायचा. कल्पना सर्वस्वी त्यांची, पण झाडं कुठे लावायची ते सुचवलं रहिवाशांनी आणि शाळांनी. ढीग संपायला पाच वर्षं लागली. दर्जा कुठे घसरला?

प्रश्न : मतपत्रिकेची मांडणी हेही डिझाइनरचं काम का?

अर्थात! अमेरिकेत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत ज्येष्ठ मतदारांसाठी अक्षरं मोठी केली, म्हणून उमेदवारांची नावं समोरासमोरच्या दोन पानांवर गेली. मत देण्याची छिद्रं मात्र मधोमध एकाच रांगेत. डाव्या पानावर अल गोर यांचं नाव दुसरं, छिद्र तिसरं. दुसरं छिद्र उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं! हेतू चांगला असूनही हा घोटाळा झाला. छापण्याआधी कच्चा नमुना पाच-सहा अनोळखी लोकांच्या हातात द्या. काहीही समजावू नका, बोट कुठे अडखळतं तेवढं बघा.