चाळीस मिनिटं आणि एक अर्धवट वाक्य

रोजच्या धबडग्यात कादंबरी लिहायची कधी, असं विचारणारी चार पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. घरी सासू-सासरे, दोन मुलं. तीन वर्षांपासून कादंबरी डोक्यात आहे, तीसेक पानं लिहूनही झाली आहेत. रोज दोन तास सलग मिळाले तर पुढे जाईल असं वाटतं, पण ते मिळत नाहीत. (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन तासांचा नाद सोडा. मिळाले तरी शाळा आणि घर सांभाळून थकलेलं डोकं त्यातला दुसरा तास वाया घालवतं. आधी हिशोब करू. छापील पानावर साधारण २५० शब्द बसतात. २२० पानांची कादंबरी म्हणजे ५५ हजार शब्द. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून गणपती, दिवाळी, पेपर तपासणी, एखादं लग्न आणि कुणाचं तरी आजारपण यांचे मिळून आठ आठवडे आत्ताच वजा करा. उरलेल्या ४४ आठवड्यांत आठवड्याला पाच दिवस, दिवसाला एक पान. झाली २२० पानं. पहिला खर्डाच तो, पण पूर्ण.

एका पानाला चाळीस मिनिटं पुरतात, मात्र ती अशी वाटा : दहा मिनिटं गोष्टीत पुन्हा शिरायला, पंचवीस लिहायला, पाच उद्याची टिपण करायला. वेळ कमी पडतो तो बहुधा त्या पहिल्या दहा मिनिटांत. तिथे काल कुठे होतो हे आठवण्यातच अर्धा तास जातो, आणि बसून काही झालं नाही या चिडीने दुसऱ्या दिवशी वही उघडलीच जात नाही. म्हणून शेवटच्या पाच मिनिटांवर हात राखू नका. टिपण अशी असावी :

‘उद्या : सुमन दार उघडते, हातात पाण्याचा तांब्या. दिनकरला ओळखते, पण दाखवत नाही. सासू आतून विचारते, कोण गं? सुमनचं उत्तर : कोणी नाही, पत्ता चुकलेत.’

‘उद्या सुमन-दिनकर भेट लिहायची’ एवढंच लिहून ठेवलंत तर ती टिपण नाही, आठवण झाली. टिपणीत कोण कुठे उभं आहे, हातात काय आहे आणि पहिलं वाक्य कुणाचं, या तीन गोष्टी हव्यात. पुढचं वाक्य डोक्यात तयार असताना मुद्दाम ते अर्धवट टाकून उठलात तर आणखी बरं. दुसऱ्या दिवशी हात आपोआप ते पुरं करतो आणि पेन चालू होतं.

चाळीस मिनिटं कुठली, हे ठरवण्याआधी आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज लिहून ठेवा की कोणत्या वेळात तुम्हाला कुणी हाक मारली नाही. शाळेतला ऑफ तास धरू नका, कधी बदली तास लागेल सांगता येत नाही. पहाटे पाचला उठायचा सल्ला सगळेच देतात. रात्री साडेदहाला पाठ टेकत असेल तरच तो चालतो, नाहीतर चौथ्या दिवशी गजर बंद करून झोपाल. शिक्षकांना त्यातल्या त्यात खात्रीची वेळ म्हणजे शाळा सुटल्यावरची, रिकाम्या वर्गातली. एकदा घराचा उंबरा ओलांडला की दळण, डबा आणि गृहपाठ समोर उभे राहतात. घरी मात्र वेळ सांगून ठेवा. ‘मी लिहितेय’ याला कुणी दाद देत नाही, ‘पाच चाळीसला निघते’ याला देतात.

आता त्या तीस पानांविषयी. आमचा अंदाज आहे की ती तुम्ही सात-आठ वेळा सुधारली असतील. लिहायला बसलं की पहिल्या पानापासून वाचायचं आणि वाचता वाचता दुरुस्त करायचं, ही सवय भल्याभल्यांना बुडवते, कारण तेवढ्यावरच दिवसाचा वेळ संपतो. नियम करा : मागचं अर्धं पान सोडून काहीही वाचायचं नाही. मध्येच कथानकात बदल सुचला, समजा नणंदेचं लग्न आधीच झालेलं हवं, तर समासात ‘मागे बदल : नणंद विवाहित’ एवढं लिहा आणि ती विवाहित आहे असं धरून पुढे चला. मागचं सगळं खर्डा पुरा झाल्यावर एकदम दुरुस्त करायचं. तोपर्यंत असे आणखी वीस बदल होतात, आणि त्यातले काही पहिल्यांना खोडून काढतात.

प्रश्न : डोंबिवली ते सीएसएमटी रोज ये-जा करतो. लोकलमध्ये मोबाइलवर कादंबरी लिहिता येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : येईल, पण जाताना वेगळं आणि येताना वेगळं. सकाळी उभ्याने वर्णनं जमत नाहीत, गर्दीत तंद्री लागत नाही. संवाद जमतात, कारण ते एकेका ओळीचे असतात आणि तुटले तरी सांधता येतात. खरं लिहिणं संध्याकाळी. सीएसएमटीला गाडी सुटते तिथेच चढता, त्यामुळे तिघांच्या बाकावरची चौथी का होईना, सीट मिळण्याची शक्यता असते. शक्य असेल तर जलद सोडून धीमी पकडा. पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, ती कादंबरीच्या खात्यावर.

मोबाइलमध्ये आधी तीन गोष्टी करून घ्या. लिहायच्या ॲपमध्ये फाइल ऑफलाइन उपलब्ध ठेवा, नाहीतर दोन स्टेशनांच्या मध्ये नेट गेलं की फाइल उघडतच नाही. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी ठेवा, कारण शंभर पानांची एकच फाइल फोनवर रखडते आणि खाली सरकवतानाच कुर्ला येतं. कीबोर्डमधली आपोआप शब्द बदलण्याची सोय बंद करा, ती पात्रांची नावं परस्पर बदलते. बोलून टाइप करण्याचा मोह होईल. टिपणांसाठी ते ठीक आहे. संवादांसाठी नको, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणं बरेचदा पुस्तकी होऊन उमटतं, विरामचिन्हं जातात, आणि शेजारचा प्रवासी कान देऊन ऐकतो ते निराळंच.

फोनची एक खोड उशिरा कळते. पडदा अरुंद असल्यामुळे चार वाक्यांचा परिच्छेदही लांबलचक दिसतो, मग माणूस दोन-दोन ओळींवर तोडत जातो. कागदावर आल्यावर सगळं तुकड्यातुकड्यांचं वाटतं. महिन्यातून एकदा एखादं प्रकरण छापून वाचा.

गाडीत लिहिणं नवं नाही. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरीला होता आणि फिरतीवर आगगाडीत पेन्सिलीने लिहायचा. घरी पहाटे साडेपाचला समोर घड्याळ ठेवून बसायचा, पाव तासाला २५० शब्द या हिशोबाने. हे उदाहरण नेहमी दिलं जातं. पेन्सिलीचं लेखन बायको स्वच्छ उतरवून काढायची आणि पहाटे उठवून कॉफी द्यायला पगारी नोकर होता, हे सांगायचं राहून जातं. तेव्हा त्याच्या आकड्याशी स्पर्धा नको. एका फेरीत दीडशे शब्द झाले तरी उत्तम.

प्रश्न : आठवडाभर जमत नाही म्हणून रविवारी पाच-सहा तास बसते. एखादं पानही धड होत नाही. का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सहा दिवसांत पात्रं थंड पडतात म्हणून. ती पुन्हा तापायला दोन तास जातात, मग जेवण, मग पाहुणे. आठवड्यातले कुठलेही तीन दिवस अर्धा अर्धा तास काढा आणि रविवार वेगळ्या कामाला ठेवा : हाताने लिहिलेलं टाइप करणं, आठवड्याची पानं सलग वाचणं आणि काळाचा तक्ता भरणं. तक्त्यात प्रकरण, महिना, मुख्य पात्रांची वयं आणि ठिकाण एवढे चार रकाने पुरतात. तो नसला की गुढीपाडव्याला सहावा महिना लागलेली नायिका राखीपौर्णिमेलाही सहाव्यातच राहते, आणि हे प्रकाशकाकडे हस्तलिखित वाचणाऱ्याला पहिल्याच वाचनात दिसतं.

प्रश्न : कपाशीची शेती आहे. जून ते जानेवारी मान वर काढता येत नाही. फेब्रुवारी ते मे लिहितो, वहीत. पण दर फेब्रुवारीत आधीचं परकं वाटतं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतो. तिसरं वर्ष आहे. (एक वाचक, यवतमाळ)

उत्तर : चार महिने सलग मिळणं ही नोकरदारांनी हेवा करावा अशी गोष्ट आहे. मे महिन्यात बाराच्या पुढे शेतात जाता येत नाही, ती दुपार तुमचीच. दिवसाला ३०० शब्द, असे ९० दिवस भरले तर एका उन्हाळ्यात २७ हजार होतात. दोन उन्हाळ्यांत खर्डा.

अडचण वहीत नाही, वही मिटण्याच्या पद्धतीत आहे. पाऊस तोंडावर आला की जिथे असेल तिथे लिहिणं थांबतं. त्याऐवजी मेच्या अखेरचे चार दिवस नवं काही न लिहिता कादंबरी बांधून ठेवा. आतापर्यंत घडलेलं दोन पानांत. पुढचे तीन प्रसंग, वर सांगितलेल्या टिपणीसारखे. आणि प्रत्येक मुख्य पात्राची त्याच्याच तोंडची चार-पाच वाक्यं. स्वभाव लिहून ठेवण्यापेक्षा हे उपयोगी पडतं, आठ महिन्यांनी माणूस विसरतो ते पात्राचं बोलणं.

फेब्रुवारीत पहिले दोन दिवस शेवटची तीन-चार पानं नव्या पानांवर जशीच्या तशी हाताने उतरवून काढा. एक शब्दही बदलू नका. नुसतं वाचलं की दोष दिसतात. उतरवताना वाक्याची चाल पुन्हा हातात येते.

हंगामात लिहायचं नाही, फक्त वेचायचं. मजुरांच्या वेचणीची किलो-किलोची वही तुमच्याकडे असेलच. तिच्या शेवटच्या पानापासून उलट्या बाजूने दिवसाला एक ओळ लिहीत या : ऐकलेलं वाक्य, एखादं नाव, कुणाचा तरी हात पुसण्याचा ढंग.

वहीचं म्हणाल तर दोनशेपानी घ्या. उजव्या पानावर लिहा, डावं दुरुस्तीसाठी कोरं ठेवा, आणि रोजच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून तो घरातल्या दुसऱ्या एका फोनवर पाठवा. टायपिंगला देताना युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर तसंच दिसणाऱ्या अक्षरांत हवं असं आधी बजावा. जुन्या फाँटमधला मजकूर पुढे बदलून घेताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. सगळ्या वह्या एकदम देऊ नका, एक प्रकरण द्या, प्रूफ तपासा, वऱ्हाडी शब्द टायपिस्टने ‘सुधारले’ नाहीत ना ते बघा, मग पुढचं द्या.